चार्ल्स डार्विन: गांडुळांकडे ४४ वर्षे पाहणारा माणूस आणि आपल्या घरातला गांडूळ खताचा डबा



गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केले आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी जगात फार थोडे लोक असे म्हणत होते. इंग्लंडमधले बागवान गांडुळांना हिरवळ खराब करणारा उपद्रव समजत आणि चुन्याचे पाणी ओतून मारत. हे मत बदलण्यात ज्या माणसाचा सर्वांत मोठा वाटा आहे, त्याचे नाव चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीच्या सिद्धांतामुळे ते जगाला माहीत आहेत. त्यांनी आयुष्यातले शेवटचे पुस्तक मात्र गांडुळांवर लिहिले, हे कृषी पदवीधरांपैकीही अनेकांना ठाऊक नसते.

आज त्यांची गोष्ट सांगण्याचे एक कारण आहे. घरच्या ओल्या कचऱ्यापासून गांडूळ खत करण्याची माहिती आता सगळीकडे मिळते. डबा, गांडुळे, माहितीपत्रक सगळे हाताशी असते. तरीही बरेच डबे दोन-तीन महिन्यांत बंद पडतात. वास येतो, मुंग्या लागतात, गांडुळे मरतात आणि डबा अंगणाच्या कोपऱ्यात पालथा पडतो. यातले बहुतेक डबे बिघडतात ते एकाच कारणाने: आपण कचरा टाकतो, पण आत डोकावून पाहत नाही. डार्विन यांनी पाहण्याचेच काम आयुष्यभर केले. म्हणून त्यांची जीवनकथा आणि आपला डबा, दोन्ही एकत्र पाहू.

डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर. आई सुझाना ही चिनी मातीच्या भांड्यांच्या व्यवसायात प्रसिद्ध असलेल्या वेजवूड घराण्यातली. चार्ल्स आठ वर्षांचे असताना ती वारली.

मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून वडिलांनी त्यांना १८२५ मध्ये एडिंबरोला पाठवले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. रुग्णाला शुद्धीवर ठेवून केलेल्या शस्त्रक्रिया पाहणे या मुलाला सोसले नाही आणि त्याने शिक्षण अर्धवट सोडले. मग धर्मगुरू व्हावे म्हणून केंब्रिजला धाडले. तिथेही अभ्यासापेक्षा भुंगेरे गोळा करण्यात त्यांचा वेळ जास्त गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर दोन शाखा बदललेला, घरच्यांना काळजी वाटावी असा हा मुलगा होता.

१८३१ च्या डिसेंबरमध्ये बीगल नावाच्या जहाजावर निसर्ग-अभ्यासक म्हणून जाण्याची संधी त्यांना मिळाली. दक्षिण अमेरिका, गॅलापागोस बेटे, ऑस्ट्रेलिया असा जवळजवळ पाच वर्षांचा प्रवास करून ते ऑक्टोबर १८३६ मध्ये परतले. खडक, जीवाश्म, पक्षी, वनस्पती यांचे नमुने आणि भरगच्च वह्या त्यांच्याबरोबर होत्या.

मामांच्या कुरणातला चुना

जग पाहून आलेल्या या तरुणाचे लक्ष गांडुळांकडे वळवले ते त्यांच्या मामांनी. जोसाया वेजवूड हे स्टॅफर्डशायरमधल्या मेअर येथे राहत. त्यांनी भाच्याला आपल्या कुरणातली एक गोष्ट दाखवली. काही वर्षांपूर्वी गवतावर पसरलेला चुना आणि कोळशाची राख आता वर दिसत नव्हती. खणून पाहिले तर ती गवताच्या मुळांखाली, सलग थरात सापडत होती. वर बारीक, काळसर, भुसभुशीत मातीचा थर होता. मधल्या काळात त्या जमिनीत नांगर गेलेला नव्हता. मग चुना खाली गेला कसा?

मामांचा अंदाज होता की हे गांडुळांचे काम असावे. गांडुळे खालची माती गिळतात आणि वर येऊन विष्ठा टाकतात. वर्षानुवर्षे हे चालले की वर टाकलेली वस्तू आपोआप गाडली जाते.

डार्विन यांनी खड्डे खणून मोजमाप घेतले. १८२७ च्या सुमारास टाकलेला चुना १८३७ मध्ये सुमारे अडीच इंच खाली होता. १ नोव्हेंबर १८३७ रोजी लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे त्यांनी यावर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय होते २८.

शेतीत मुरलेल्या माणसाचे निरीक्षण आणि विज्ञान शिकलेल्या माणसाची मोजपट्टी इथे एकत्र आली. कृषी सहायकांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. शेतकरी बांधावर उभा राहून जे सांगतो ते ऐकावे, आणि मग खणून, मोजून पाहावे.

डाऊन गावातले घर आणि २९ वर्षांचा प्रयोग

१८३९ मध्ये डार्विन यांनी याच मामांच्या मुलीशी, एमा हिच्याशी लग्न केले. १८४२ मध्ये हे कुटुंब लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाऊन या खेड्यात राहायला गेले. पुढची ४० वर्षे, मृत्यूपर्यंत, ते त्याच घरात राहिले. त्यांना दहा मुले झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. स्वतः डार्विन यांची प्रकृती कायम तोळामासा असे. पोटाचा त्रास आणि थकवा यांमुळे दिवसातले थोडेच तास काम होई.

डाऊनला आल्यावर त्याच वर्षी, २० डिसेंबर १८४२ रोजी, घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर त्यांनी खडूच्या दगडाचे पांढरे तुकडे पसरवले. काही काळानंतर खणून पाहायचे, एवढाच बेत होता.

तो काळ लांबतच गेला. दरम्यान १८५९ मध्ये सजीवांच्या उत्पत्तीवरचे त्यांचे जगप्रसिद्ध पुस्तक आले आणि वादळ उठले. वेली, ऑर्किड, पाळीव प्राणी यांवरची पुस्तके लिहून झाली. मुले मोठी झाली. आणि नोव्हेंबर १८७१ च्या अखेरीस, म्हणजे २९ वर्षांनी, त्यांनी त्या कुरणात आडवा चर खणला. पांढऱ्या तुकड्यांची रेघ जमिनीखाली ७ इंचांवर दिसत होती. म्हणजे वर्षाला पाव इंचाच्या आतबाहेर नवी माती वर आली होती.

शेजारी आणखी एक शेत होते. १८४१ मध्ये त्याची शेवटची नांगरट झाली आणि मग ते गवताला सोडले. सुरुवातीला त्यात एवढे दगड होते की गवत धड उगवत नव्हते. तीस वर्षांनंतर घोडा या टोकापासून त्या टोकापर्यंत दौडत गेला तरी नालेला दगड लागत नव्हता. दगड कोणी वेचले नव्हते. गांडुळांनी त्यांच्यावर माती चढवली होती.

आपल्याकडे खत टाकल्यावर पुढच्या हंगामात फरक दिसला नाही की आपण निराश होतो. माती घडण्याचा वेग किती असतो, हे या २९ वर्षांच्या चराने दाखवले आहे.

एवढासा किडा काय करणार?

१८६९ मध्ये बागकामावरच्या एका इंग्रजी साप्ताहिकात फिश नावाच्या लेखकाने डार्विन यांच्या मतावर शंका घेतली. गांडुळांचा आकार आणि ताकद पाहता एवढे अवाढव्य काम त्यांच्या हातून होणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे गार्डनर्स क्रॉनिकल साप्ताहिक माळी, शेतकरी आणि रोपवाटिकावाले वाचत. डार्विन स्वतः त्याचे नियमित वाचक होते आणि त्यात प्रश्न विचारणारी, अनुभव मागवणारी पत्रे वारंवार लिहीत. फिश यांच्या शंकेलाही त्यांनी तिथेच उत्तर दिले.

डार्विन यांना ही चूक ओळखीची होती. लहान कारण सतत चालू राहिले तर त्याचा परिणाम किती मोठा होतो, हे माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. त्यांचे बाकीचे सगळे संशोधनही याच विचारावर उभे होते. वाद जिंकायचा तर आकडे हवेत, म्हणून पुढची दहा-बारा वर्षे ते जमतील तसे आकडे गोळा करत राहिले.

अभ्यासिकेतल्या कुंड्या

साठी ओलांडल्यावर डार्विन यांनी गांडुळांना थेट घरात आणले. मातीने भरलेल्या कुंड्यांत गांडुळे सोडून त्या आपल्या अभ्यासिकेत ठेवल्या आणि रात्री त्यांच्याजवळ बसून एकेक गोष्ट तपासली. इथून पुढचा भाग घरी डबा ठेवणाऱ्यांनी नीट वाचावा. त्यांचा प्रत्येक प्रयोग आपल्या डब्यासाठी काहीतरी सांगतो.

उजेड: गांडुळांना डोळे नसतात. तरी कंदिलाचा उजेड पडला की ती, विशेषतः डोक्याकडचा भाग उजळला की, बिळात शिरत. रंगीत काच धरूनही डार्विन यांनी हे तपासले. आपण खत वेगळे करताना याच गुणाचा उपयोग करतो. खताचा ढीग उजेडात ठेवला की गांडुळे तळाशी जातात आणि वरचे खत हलक्या हाताने काढता येते.

आवाज आणि हादरा: कुंड्यांजवळ धातूची शिट्टी फुंकली, बासून नावाचे मोठे सुषिर वाद्य जोरात वाजवले, पियानो वाजवला. गांडुळांनी दखल घेतली नाही. मग त्याच कुंड्या पियानोवर ठेवून एक सूर दाबला, तेव्हा ती झटकन बिळात गेली. म्हणजे ती बहिरी असतात, पण हादरा त्यांना लगेच कळतो. म्हणून आपला डबा पाण्याची मोटर, पिठाची गिरणी किंवा धुण्याच्या यंत्राजवळ ठेवू नका. रोज उकरून खालीवर करण्याचीही गरज नाही.

ओलावा: गांडूळ त्वचेतून श्वास घेते आणि त्यासाठी त्वचा ओली लागते. खोलीतल्या कोरड्या हवेत एक रात्र उघडे राहिले तरी ते मरते, असे डार्विन यांनी नोंदवले. उलट स्वच्छ पाण्यात बुडालेली गांडुळे बरेच दिवस जगल्याची निरीक्षणेही त्यांनी दिली आहेत. मग आपल्या पाणथळ डब्यात ती का मरतात? कारण तिथले पाणी स्वच्छ नसते. कुजणाऱ्या कचऱ्यात पाणी साचले की हवा संपते आणि आंबलेला, घाण वासाचा चिखल होतो. गांडूळ गुदमरते ते त्या चिखलात.

आवडनिवड: डार्विन यांनी कोबी, गाजर, कांदा, सेलरी अशा निरनिराळ्या भाज्यांची पाने आणि तुकडे ठेवून कोणते आधी संपते ते पाहिले. गाजराची पाने आणि कांदा आवडीचा निघाला. पुदिना आणि ओवाफुलासारखी उग्र वासाची थाइमची पाने नावडती ठरली. मातीत पुरून ठेवलेले कोबीचे आणि कांद्याचे तुकडे गांडुळांनी वासावरून शोधून काढले. मांस आणि चरबीही त्यांनी खाल्ली. इथे एक सावधानता हवी. गांडुळाला काय आवडते आणि बंद डब्याला काय मानवते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चरबी, मांस आणि बराच कांदा डब्यात टाकला तर घाण वास सुटतो, माश्या आणि उंदीर येतात. त्यामुळे ते टाळावे.

खाण्याची रीत: गांडुळाला दात नसतात. त्याच्या पोटात पेषणी नावाची जाड स्नायूंची पिशवी असते. गिळलेले वाळूचे कण आणि बारीक खडे तिथे जात्यासारखे काम करतात आणि अन्न दळले जाते. शिवाय त्याच्या अन्ननलिकेजवळ चुना तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. कुजणाऱ्या पानांतली आम्लता मारण्यासाठी हा चुना उपयोगी पडत असावा, असे अनुमान डार्विन यांनी काढले. आपण डब्यात मूठभर बारीक माती आणि अंड्याच्या टरफलांची पूड टाकतो ती या दोन कारणांसाठी. एकाने जाते चालते, दुसऱ्याने आंबटपणा कमी होतो.

पाने ओढण्याची युक्ती: रात्री गांडुळे पाने ओढून बिळाच्या तोंडाशी बोळ्यासारखी बसवतात. डार्विन यांनी बिळांतून लिंडेन झाडाची २२७ पाने काढून पाहिली. त्यांतली ७९ टक्के टोकाकडून ओढलेली होती, म्हणजे ज्या बाजूने पान सहज आत जाते त्या बाजूने. हे पानाच्या सवयीने झाले की समजून, हे तपासायला त्यांनी कागदाचे ३०३ त्रिकोण कापून ठेवले. त्यांतले ६२ टक्के निमुळत्या टोकाने ओढले गेले. गांडुळाला थोडीफार समज असावी, असे त्यांचे मत झाले. आपल्याला यातून एवढे घ्यायचे: मोठे, सपाट तुकडे आत नेणे गांडुळाला जड जाते. कचरा बारीक करून टाका.

मोजमाप आणि मदतनीस

या कामात डार्विन यांनी सगळ्या घराला जुंपले होते. मुलगा फ्रान्सिस प्रयोगांत मदत करी. दुसरा मुलगा होरेस अभियंता होता. दगड जमिनीत किती खचतो ते मोजण्याचे यंत्र त्याने तयार केले. भाच्यांनी बिळे तपासली. एका विश्वासू बाईने वर्षभर ठरावीक चौरस वाराच्या तुकड्यांवरची गांडुळांची विष्ठा वेचून, वाळवून, तोलून दिली. १८७७ मध्ये डार्विन स्वतः स्टोनहेंज येथे गेले आणि आडवे पडलेले प्राचीन दगड किती गाडले गेले ते खणून पाहिले. रोमन काळातल्या घरांच्या फरशा गांडुळांच्या मातीने कशा झाकल्या आणि जपल्या गेल्या, याचीही त्यांनी पाहणी केली.

त्यांचे मदतनीस आपल्याकडेही होते. कलकत्त्याजवळच्या बोटॅनिक गार्डनमधून जॉन स्कॉट यांनी बंगालच्या उष्ण-दमट हवेतल्या गांडुळांची निरीक्षणे कळवली. तिथल्या हिरवळीवर मिनारासारखी उभी राहणारी गांडुळांची विष्ठा आणि निलगिरीतला एक नमुना, या दोन्हींची चित्रे डार्विन यांच्या पुस्तकात आहेत. पावसाळ्यात आपल्या बांधावर, परसात अशा मातीच्या लेंड्या तुम्हीही पाहिल्या असतील.

सगळ्या नोंदींवरून हिशेब निघाला की चांगल्या कुरणात गांडुळे वर्षाला एकरी साधारण साडेसात ते अठरा टन माती विष्ठेच्या रूपाने वर आणतात. हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या मोजणीचा आधार घेऊन बागेच्या जमिनीत एकरी ५३,७६७ गांडुळे असा आकडाही त्यांनी दिला. हे आकडे इंग्लंड-जर्मनीच्या थंड, ओल्या जमिनींचे आहेत. आपल्या कोरडवाहू, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीला ते जसेच्या तसे लावू नयेत. सभेत बोलताना विस्तार कार्यकर्त्यांनी ही काळजी जरूर घ्यावी.

शेवटचे पुस्तक

ऑक्टोबर १८८१ मध्ये गांडुळांवरचे पुस्तक बाहेर आले. विषय असा, की कोण वाचेल अशी डार्विन यांनाच शंका होती. पण पुस्तक हातोहात खपले, काही आठवड्यांतच हजारो प्रती गेल्या. सामान्य वाचक, माळी, शेतकरी त्यांना आपल्या बागेतल्या गांडुळांबद्दल पत्रे लिहू लागले. मामांच्या कुरणात सुरू झालेल्या कामाला ४४ वर्षे झाली होती. पुस्तक आल्यावर सहा महिन्यांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी, डाऊनच्या घरीच डार्विन यांचे निधन झाले. वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांना लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर ॲबीत सन्मानाने दफन करण्यात आले.

नांगराचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून जमीन गांडुळे नांगरत आली आहेत, हा त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष होता. ते काम आजही चालू आहे, जिथे आपण चालू देतो तिथे.

डार्विन यांची गांडुळे आणि आपल्या डब्यातली गांडुळे

इथे एक महत्त्वाचा फरक समजून घ्या. डार्विन यांनी मुख्यतः खोल बिळे करणाऱ्या, माती खाणाऱ्या गांडुळांचा अभ्यास केला. अशी गांडुळे डब्यात टिकत नाहीत. त्यांनी कंपोस्टचा डबाही कधी केला नव्हता.

घरच्या डब्यासाठी लागतात ती पृष्ठभागावर, कुजणाऱ्या कचऱ्यात राहणारी गांडुळे. आपल्याकडे यासाठी आयसेनिया फेटिडा आणि युड्रिलस युजेनी या जाती वापरतात. ही कचरा झपाट्याने खातात आणि भराभर वाढतात, पण खोल बिळे करत नाहीत. उन्हाने तापलेल्या, उघड्या शेतात सोडली तर बहुतेक मरतात. शेतातून खणून आणलेली गांडुळे डब्यात टाकू नका, आणि डब्यातली शेतात सोडून चमत्काराची वाट पाहू नका.

घरचा डबा: पायरीपायरीने

१. डबा किंवा क्रेट साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट खोल घ्या. तळाला पाणी निथळायला आणि बाजूंना हवेसाठी छिद्रे पाडा. खाली ताट ठेवा.

२. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा जाड काड्यांचा थर द्या. त्यावर सहा इंच बिछाना: वाळलेला पाला, कागदाचे बारीक तुकडे आणि १५-२० दिवस जुने शेण. ताजे शेण वापरू नका, ते तापते आणि गांडुळे भाजतात. वर मूठभर माती टाका.

३. बिछाना ओला करून दोन-तीन दिवस ठेवा. हात घालून गार लागतो याची खात्री झाल्यावर अर्धा किलो गांडुळे वर पसरा. ती आपोआप खाली जातील.

४. पहिले दोन आठवडे रोज १०० ते १५० ग्रॅमच कचरा टाका. एका कोपऱ्यात पुरून वर वाळलेला पाला टाका. आधीचा संपत आला की पुढचा टाका. सगळ्यांत जास्त डबे बिघडतात ते पहिल्याच आठवड्यात घरचा सगळा कचरा ओतल्यामुळे.

५. भाज्यांची देठे-साले, फळांची साले, चहाचा चोथा (साखर-दूध धुऊन), अंड्याच्या टरफलांची पूड चालते. तेलकट, खारट, तिखट शिजवलेले अन्न, मांस-मासळी, लोणचे, दही नको. लिंबू-संत्र्याची साले आणि कांदा-लसूण अगदी थोडे.

६. ओलावा तपासायला मूठभर मिश्रण घट्ट दाबा. एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर जास्त ओले आहे, वाळलेला पाला मिसळा. हात ओला झाला नाही तर पाणी शिंपडा.

७. वर ओले गोणपाट झाका. डबा सावलीत ठेवा. तापमान साधारण २० ते ३० अंश चांगले. ३५ च्या वर धोका सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात डबा घराच्या थंड बाजूला ठेवा, गोणपाट दिवसातून दोनदा भिजवा आणि कचऱ्याचा थर पातळ ठेवा.

८. मुंग्यांसाठी डब्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. उंदीर-घुशी, कोंबड्या यांपासून जाळीने राखा.

९. दोन-तीन महिन्यांत मिश्रण काळसर, चहाच्या पुडीसारखे रवाळ होते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. चार-पाच दिवस पाणी थांबवा, ढीग उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा आणि वरून थोडे थोडे खत काढत जा. तळाशी गोळा झालेली गांडुळे नव्या बिछान्यात सोडा. लिंबाच्या आकाराचे मोहरीएवढे पिवळसर कोष दिसले तर तेही परत टाका. त्यांतून पिल्ले निघतात.

१०. एक वही ठेवा. किती कचरा टाकला, काय आधी संपले, काय तसेच राहिले, वास कसा आहे. डार्विन यांच्याकडेही सुरुवातीला यापेक्षा वेगळे साधन नव्हते.

डब्याकडून अपेक्षा किती ठेवायची?

खरे ते सांगायला हवे. युरियात ४६ टक्के नत्र असते, गांडूळ खतात साधारण एक ते दोन टक्के. घरच्या डब्यातून महिन्याला काही किलो खत निघते. ते परसबागेला, कुंड्यांना, भाजीपाल्याच्या रोपवाटिकेला उत्तम. त्यातला सेंद्रिय कर्ब आणि जिवाणू मातीची घडण सुधारतात. पण एकराचे पोषण या डब्यातून होणार नाही. तसे कोणी सांगून महाग डबे विकत असेल तर सावध राहा.

एकराचे काम करणारी गांडुळे वेगळी आहेत आणि ती विकत आणावी लागत नाहीत. ती तुमच्या जमिनीत आहेत किंवा होती. त्यांना तीनच गोष्टी हव्यात: वर पालापाचोळ्याचे आच्छादन, खाली ओल, आणि मधे कमीत कमी उलथापालथ. उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, गव्हाचे काड जाळले की आपण त्यांचे अन्न आणि छप्पर दोन्ही जाळतो. पाचट सरीत कुजू द्या, पऱ्हाट्या बारीक करून जमिनीत जिरवा, बांधावर झाडे राखा.

या पावसाळ्यात एक साधी गोष्ट करून पाहा. चांगला पाऊस होऊन दोन दिवस गेले की शेतात एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खणा. निघालेली माती गोणपाटावर पसरा आणि गांडुळे मोजा. मग जिथे नांगर जात नाही अशा बांधाच्या झाडाखाली तेवढाच खड्डा खणून तिथलीही मोजा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच जागांच्या शेजारी पुन्हा मोजा. आपली जमीन सुधारते आहे की खंगते आहे, ते तुम्हाला घरच्या घरी कळेल. डार्विन यांनी २९ वर्षे वाट पाहिली. तुम्ही सुरुवात एका वर्षाने करा.